एलूल महिना, चंद्र आणि पाण्यात पापं टाकणं: तेशुवा म्हणजे नक्की काय?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा तेवढा वाचा.

आम्ही ठाण्यात राहतो. खालच्या मजल्यावर एक बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, मूळ अलिबागकडच्या. मुलं-नातवंडं सगळी इस्रायलला, इथे त्या एकट्या. गेल्या वर्षी त्यांच्या नव्या वर्षाला, म्हणजे रोश हशानाला, त्यांना खाडीवर जायचं होतं आणि सोबतीला कुणी नव्हतं म्हणून मी गेले. तिथे त्यांनी पर्समधून छोटंसं पुस्तक काढलं, हिब्रूत काहीतरी वाचलं आणि पदराचं टोक पाण्याकडे तीनदा झटकलं. बास, दहा मिनिटांत उरकलं. मी विचारलं आजी हे काय, तर म्हणे "वर्षभराची पापं टाकली पाण्यात." मी आपलं गमतीत म्हटलं, मग माझंपण एक टाका, बहिणीशी दीड वर्ष बोलणं नाहीये माझं, ते जाऊ दे वाहून. तर एकदम गंभीर झाल्या, "ते नाही जायचं गं पाण्यात. ते तिच्या दारात जाऊन टाकायचं."

परत येताना रिक्षात म्हणाल्या, "काल रात्री चंद्र बघितलास? नव्हताच. तो लपतो तेव्हा आमचं वर्ष लागतं. आता येईल हळूहळू परत, आपणही यायचं." हे वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता परत एलूल महिना (त्यांच्या नव्या वर्षाच्या आधीचा) चालू आहे, त्या पहाटे उठून प्रार्थना म्हणतात, खालून आवाज येतो.

तर प्रश्न असा की ज्यू लोकांत पश्चात्तापाचा चंद्राशी, पाण्याशी, ऋतूंशी काय संबंध? आपल्याकडे प्रायश्चित्त म्हणतात तेच का हे? आजींना विचारलं तर "तेशुवा म्हणजे तेशुवा" एवढंच सांगतात आणि चहा टाकतात.

डिमोनावाला:
आजींना माझा शालोम सांगा. मी १९७१ला पेणहून इथे इस्रायलला आलो, तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, मराठी अजून घरात चालू आहे, शुद्धलेखन माफ करा.

पहाटेची प्रार्थना म्हणजे सेलिहोत. आमच्या पद्धतीत एलूल पूर्ण महिनाभर म्हणतात, अश्केनाझी (युरोपकडचे ज्यू) लोक नव्या वर्षाच्या थोडे दिवस आधी सुरू करतात. लहानपणी वडील उठवायचे तेव्हा बाहेर धो धो पाऊस असायचा, कंदील घेऊन मशिदीत जायचं (आमच्यात सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणायची), पायात चिखल, बेडकांचा आवाज. त्यामुळे माझ्या डोक्यात माफी मागायचा महिना म्हणजे ओला महिना. आणि इथे आलो तर सगळं उलटं. इथे मे ते सप्टेंबर पावसाचा थेंब नाही. एलूल येतो तेव्हा जमीन इतकी सुकलेली असते की डोंगर भाजलेल्या पापडासारखे दिसतात. पहिलं वर्ष मला वाटलं इथे कसलं नवीन वर्ष, इथे तर सगळं मेलंय.

मग एकदा बसने किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांच्या उंच काठ्या दिसल्या. पान एकही नाही, सुक्या दगडातून सरळ दांडा वर आलेला, माणसाच्या छातीएवढा आणि त्यावर खालून वर फुलं उमलत चाललेली. शेजारचा मोरोक्कोवाला म्हणाला हा खत्साव, हा फुलला की समजायचं उन्हाळा संपत आला, सण जवळ आले. जमिनीखाली मोठा कांदा असतो त्याचा, गेल्या पावसाळ्यात साठवलेल्या पाण्यावर तो फुलतो, पानं नंतर पाऊस पडला की येतात. आपल्याकडचा रानकांदा त्याचाच भाऊबंद, तोही ऐन उन्हाळ्यात बिनपानांचा फुलतो. मला काही रब्बायसारखं बोलता येत नाही पण एलूलचं सगळं मला त्या काठीत दिसतं. वर काही नाही, खाली आहे.

दुसरा पाहुणा म्हणजे नहलिएली, शेपटी हलवत अंगणात फिरतो तो छोटा पक्षी. सणांच्या दिवसांतच उत्तरेकडून येतो. मी पेणला फोटो पाठवला तर भाचा म्हणतो मामा हा तर आपला धोबी, इकडेपण पाऊस संपला की येतो. पाप धुवायच्या सीझनला धोबी, आता काय बोलणार.

आणि पावसाबद्दल एक सांगतो मग थांबतो. सुक्कोत (मांडवांचा सण) संपताना, नव्या वर्षाने सुरू होणाऱ्या तिश्री महिन्याच्या २२ तारखेला, आम्ही पावसाची प्रार्थना करतो. पण रोजच्या प्रार्थनेत 'पाऊस दे' असं मागणं इथे लगेच सुरू करत नाहीत, अजून पंधरा दिवस थांबतात, पुढच्या हेश्वान महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. कारण मिश्नात (जुन्या धर्मनियमांचा ग्रंथ) दिलंय, जुन्या काळी सणाला यरुशलेमला आलेला सगळ्यात लांबचा यात्रेकरू युफ्रेटिस नदीपर्यंत कोरडा पोचला पाहिजे. सगळी जमीन तहानलेली आहे, तरी एका माणसाचे पाय भिजू नयेत म्हणून थांबायचं.

पोथीवाचक:
काका, काय लिहिलंय. ते युफ्रेटिसवालं मी वाचलेलं पण असं डोळ्यासमोर नव्हतं आलं कधी.

शब्दाबद्दल थोडं मी लिहितो, ज्यू नाहीये, पुण्यात धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होतो काही वर्षं. तेशुवा हा शब्द 'शुव' या धातूवरून येतो, अर्थ परतणं, मागे वळणं. म्हणून प्रायश्चित्त म्हणजे तेशुवा असं सरळ नाही म्हणता येणार, प्रायश्चित्त म्हटलं की आपल्याला काहीतरी विधी, दान, दंड आठवतो. इथे मूळ कल्पना अशी की तू रस्ता चुकलास, घर तिथेच आहे, वळ. बाराव्या शतकातला रामबाम (मैमोनिदिस, जो इजिप्तमध्ये वैद्य होता) याने टप्पेच सांगून ठेवलेत: चूक थांबवायची, वाईट वाटून घ्यायचं, तोंडाने बोलून कबूल करायचं आणि पुढे न करण्याचं ठरवायचं. तोंडाने बोलणं महत्त्वाचं, मनातल्या मनात चालत नाही. आणि पूर्ण तेशुवा कधी, तर तीच परिस्थिती परत आली, तोच मोह, तेवढीच ताकद अंगात आणि तरी केलं नाही, तेव्हा. म्हातारपणी दात पडल्यावर चणे सोडले त्याला तो दुय्यम दर्जा देतो (चणे माझे, त्याचे नाहीत).

आजी जे बहिणीबद्दल म्हणाल्या ते तर थेट मिश्नातलं आहे हो. योम किप्पूर हा वर्षातला मोठ्या उपासाचा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं मिटवतो, माणसामाणसातली नाही, समोरच्याची समजूत काढेपर्यंत नाही. रामबाम म्हणतो एकदा नाही ऐकलं तर परत जा, तीनदा जा, माणसं सोबत घेऊन जा.

पाण्यात टाकण्याच्या विधीला ताशलिख म्हणतात, मीखा संदेष्ट्याचं वचन आहे की तू आमची सारी पापं समुद्राच्या खोल तळाशी टाकशील, त्यावरून. शक्यतो जिथे मासे आहेत असं पाणी बघतात. माशांना पापण्या नसतात, डोळे कायम उघडे, म्हणून देवाच्या नजरेची आठवण असं एक कारण देतात.

निसर्गाचं म्हणाल तर रोश हशाना आणि योम किप्पूर यांच्या मधल्या शनिवारी होशेय संदेष्ट्याचा जो भाग वाचतात तो बघा. सुरुवातच 'इस्राएला, परत ये' अशी, आणि पुढे देव काय म्हणतो तर मी इस्राएलसाठी दंवासारखा होईन, तो लिलीसारखा फुलेल, मुळं लबानोनसारखी धरेल. शिक्षा माफ केली असं कोरडं सांगून झालं असतं, पण दंव म्हटलंय. आता काकांनी सांगितलेला तो पाच महिन्यांचा कोरडा उन्हाळा लक्षात घ्या. पाऊस नसताना वरून जो काही ओलावा पडतो तो दंवाचा.

थेट_बोल:
सगळं छान आहे पण मला एक कळत नाही, निसर्गाला यात कशाला ओढायचं? चंद्र साडेएकोणतीस दिवसांनी परत दिसतो कारण भूमिती. त्याला पश्चात्ताप होत नाही, झाडालाही पान गळल्याचं वाईट वाटत नाही. माणसाने केलेली चूक ही निवड असते, चंद्राला निवड नाही. 'तोही परत येतो आपणही यायचं' हे ऐकायला गोड, पण यात धोका असा की माणूस म्हणणार थांबू या, आपोआप होईल, पौर्णिमा येईलच. माझ्या घरात असे दोन काका होते, दोघं वीस वर्षं पौर्णिमेची वाट बघत बसले. एक गेला.

चौलवाला:
थेट_बोल, शेवटच्या ओळीला काय उत्तर द्यायचं कळत नाही. पण लिहितो.

आम्ही हिंदू, चौलचे, पण वाडीत चार घरं बेने इस्रायलची होती, शनवार तेली म्हणायचे पूर्वी, तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद. त्यांचे सण ते आपसात मराठी नावांनीच बोलायचे, त्यात हिब्रू औषधालाही नाही. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. मग तीन दिवसांनी खिरीचा सण, नव्या तांदळाची खीर. त्यांचं नवं वर्ष पिकाला धरून होतं बघा, भात लोंबीवर आलेला असायचा. आणि योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण (काही दारफाळणी म्हणतात), त्या दिवशी घराचं दार लावून घ्यायचे. पांढरे कपडे, दिवसभर उपास, आम्हा पोरांना कुणी हाक मारायचं नाही आणि आम्ही मारलेली घ्यायचं नाही. आम्हाला भीती वाटायची. एरवी ज्या घरात आम्ही विचारल्याशिवाय शिरून खोबरं मागून खायचो त्या घराला त्या एका दिवशी कडी. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दार उघडायचं, गरिबाला काहीतरी द्यायचं आणि सगळ्यांच्या घरी भेटायला जायचं. आमच्याकडेपण यायचे. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या की घरातले गेलेले पूर्वज या दिवसांत येऊन जातात आणि शिळ्या सणाला परततात. माझी आजी ऐकून म्हणायची, मग आमच्या पितरांसोबतच येत असतील, वाटेत गप्पा होत असतील.

चंद्राचं सांगायचं तर त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र, अधिक महिना घालून सूर्याशी जुळवलेलं, १९ वर्षांत ७ अधिक. गेल्या वर्षी बघा कसं जुळलं: सर्वपित्री झाली, दुसऱ्या दिवशी आपली घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष. २ ऑक्टोबरला आपला दसरा आणि त्यांचं योम किप्पूर एकाच दिवशी. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यांचा अधिक महिना पुढच्या वसंतात, म्हणून यंदा ते एक महिना पुढे: रोश हशाना १२ सप्टेंबरला आणि १४ला गणपती. म्हणजे ठाण्यात आजी पापं टाकायला निघतील तेव्हा रस्त्यात ढोलताशांची प्रॅक्टिस, रिक्षा मिळणार नाही, लवकर निघा. आणि हो, १२ला शनिवार आहे, त्या दिवशी शोफार (नव्या वर्षाला फुंकायचं शिंग) फुंकत नाहीत आणि ताशलिखपण बरेच जण रविवारवर ढकलतात, आजींना विचारून घ्या.

पोथीवाचक:
थेट_बोल यांचा मुद्दा सोडायला नको, कारण तो खरंतर ज्यू परंपरेतलाच मुद्दा आहे. चंद्र आपोआप नवा होतो पण महिना आपोआप नवा होत नव्हता! जुन्या काळी दोन साक्षीदारांनी कोर दिसल्याचं न्यायसभेपुढे येऊन सांगायचं, उलटतपासणी व्हायची, आणि सभेने 'पवित्र' असं जाहीर केलं की महिना लागला. आकाशात काहीही असो, माणसाने उठून जाऊन बोललं पाहिजे.

त्यावरूनच एक गोष्ट आहे मिश्नात. रब्बान गमलिएल, सभेचा प्रमुख, याने साक्षीदार मान्य करून तिश्री महिना जाहीर केला. रब्बी यहोशुआच्या मते साक्ष खोटी होती, म्हणजे योम किप्पूर एक दिवस उशिरा. गमलिएलने निरोप पाठवला, तुझ्या हिशोबाने जो योम किप्पूर येतो त्या दिवशी काठी आणि पैशाची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे तुझ्या सगळ्यात पवित्र दिवशी प्रवास कर, पैसे हाताळ, सगळ्यांदेखत. केवढा अपमान. यहोशुआ तळमळला, दोघातिघांशी बोलला आणि शेवटी काठी उचलून गेला. आणि तो पोचल्यावर गमलिएल उठून उभा राहिला, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, म्हणाला ये माझ्या गुरू, माझ्या शिष्या. बरोबर कोण होतं ते मिश्ना सांगत बसत नाही, आणि मला स्वतःला वाटतं यहोशुआच बरोबर होता.

अजून एक, हे फार आवडतं मला. तालमूदात (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) कथा आहे की सुरुवातीला सूर्य आणि चंद्र सारखेच मोठे होते. चंद्राने तक्रार केली, दोन राजे एक मुकुट कसा वापरणार? देव म्हणाला मग जा, तू लहान हो. चंद्र म्हणाला, मी रास्त बोललो तर मीच लहान होऊ? देवाने समजूत काढायचा प्रयत्न केला, तू दिवसाही दिसशील, तुझ्यावरून लोक दिवस मोजतील, संतांना तुझं नाव मिळेल, चंद्राचं काही समाधान होईना. शेवटी देव म्हणतो, दर अमावस्येनंतर जो बोकड बळी द्यायचा तो माझ्यासाठी प्रायश्चित्त समजा, मी चंद्राला लहान केलं म्हणून. म्हणजे थेट_बोल, चंद्राला अपराधी वाटत नाही हे मान्य, पण या कथेत दर महिन्याला चंद्राकडे बघून देवालाच वाटतंय.

थेट_बोल:
हे मला माहीत नव्हतं. देव माफी मागतो ही गोष्ट आमच्या काकांना सांगायला हवी होती.

पण मुद्दा तोच राहिला माझा, उठून जावं लागतं.

रानकांदा:
(आयडी आत्ताच बदलला, डिमोनावाल्या काकांमुळे)

योनाचं कुणीच कसं नाही काढलं? योम किप्पूरला दुपारच्या प्रार्थनेत बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक पूर्ण वाचतात. सगळ्यांना त्याला गिळणारा मासा आठवतो पण माझ्या मते खरी गंमत शेवटी झाडाची आहे. नाश होणार हा योनाचा इशारा ऐकून निनवे शहराने पश्चात्ताप केला, देवाने शिक्षा रद्द केली, आणि योना चिडला, की मला उगाच तोंडघशी पाडलंत. शहराबाहेर उन्हात फुगून बसला. देवाने एका रात्रीत एक झाड उगवलं, त्याची सावली मिळाली, खूश झाला. दुसऱ्या पहाटे देवाने एक किडा पाठवला, झाड वाळलं, वरून गरम वारा सोडला, हा म्हणतो मी मेलो तर बरं. तेव्हा देव म्हणतो, जे तू लावलं नाहीस वाढवलं नाहीस त्या झाडाची तुला एवढी दया, आणि ज्या शहरात १ लाख २० हजारांहून जास्त माणसं, ज्यांना डावं-उजवं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरं, त्याची मला दया येऊ नये? आणि पुस्तक संपतं. प्रश्नावरच. योना काय म्हणाला ते लिहिलंच नाहीये.

ते झाड कुठलं यावर वाद आहे, पण बरेच जण एरंड म्हणतात. एरंड! आपल्याकडे परसात उकिरड्यावर उगवतो तो. मी कृषीवाली आहे म्हणून सांगते, भराभर वाढणारं, मोठ्या पानांचं, सावलीला ठीक पण भरवशाचं नाही. देवाने वड नाही निवडला, पिंपळ नाही निवडला.

आणि ती गुरंढोरं शेवटच्या शब्दात का आली, कारण निनवेच्या राजाने गुरांनापण उपास घडवला होता, अंगावर गोणपाट घालून. माझ्या बाबांना ही गोष्ट सांगितली तर ते बैलाचं खांदेमळण करत होते पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणाले गुरांचं काय पाप, त्यांची माफी आपणच मागायची असते, वर्षभर चाबूक आपण मारतो.

मिश्नात दुष्काळाच्या उपासाचं वर्णन आहे, तिथे सगळ्यात वडीलधारा माणूस डोक्याला राख लावून गावाला सांगतो की निनवेबद्दल 'देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला' असं नाही लिहिलेलं, 'त्यांची कामं पाहिली, ते वाईट मार्गावरून वळले' असं लिहिलंय. थेट_बोल यांच्या बाजूचा माणूस आहे हा.

डिमोनावाला:
आमच्या मशिदीत योना वाचायचा मान लिलावात घेतात, लोक फार पैसे बोलतात त्याला. उपाशी पोटी दुपारी चार वाजता ऐकताना ती सावली गेल्याचं फार लागतं, बाहेर खरंच तसंच ऊन असतं. शेवटची प्रार्थना नेइला, म्हणजे दरवाजे बंद होतानाची. चौलवाल्यांनी दारफळणी लिहिलं तेव्हा मी बायकोला वाचून दाखवलं, तिला रडू आलं, तिच्या आजीचा शब्द.

खाडीकाठची:
बापरे, एवढं सगळं. दोनदा वाचलं, मग खाली जाऊन आजींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे करेक्शन्स असे: एक, त्या ताशलिखला रविवारीच जाणार आहेत आणि मला गृहीत धरलेलं आहे. दोन, खिरीत नारळाचं दूध आणि गूळ, साखर घातली तर ती खीर नाही, हे चौलवाल्यांना सांग म्हणाल्या. तीन, धोब्याचं ऐकून खूप हसल्या. चंद्र आणि बोकडाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ऐकून गप्प बसल्या, मग म्हणाल्या "बघ, त्यालाही जमतं."

थेट_बोल, तुमची कॉमेंट मी नाही वाचून दाखवली, ती माझ्यासाठी ठेवली. बहिणीचं आणि माझं भांडण आईच्या बांगड्यांवरून आहे, त्यात मी जे बोलले ते बोलायला नको होतं, ती जे बोलली तेही, पण तिचं तिच्याकडे. रामबामचं ते तोंडाने बोलायचं वाचल्यावर मी बाथरूममध्ये आरशासमोर एकदा म्हणून बघितलं, अर्ध्यात आवाज फुटला.

पोळ्याची अमावस्या होऊन जाऊ दे असं आधी ठरवलं होतं. मग पौर्णिमेची वाट बघणारे काका आठवले. तिचा नंबर ब्लॉक केलेला आहे माझ्या फोनमध्ये, आज आधी तो काढते.